हत्तीपाय झालेल्या पायाची घरच्या घरी निगा कशी राखावी

माझ्या आत्याचा डावा पाय सुजू लागला तेव्हा तिला "आता याला औषध नाही" एवढेच सांगण्यात आले, आणि ते ऐकून घरातल्या सर्वांनी त्या पायाकडे पाहणेच सोडून दिले. ती भंडारा जिल्ह्यातल्या धानाच्या पट्ट्यात राहणारी, रोवणीच्या दिवसांत दिवसभर बांधीतल्या चिखलात उभी राहणारी बाई. दर पावसाळ्यात तिला हुडहुडी भरून ताप येई, जांघेत अवधाण येई, पाय लालबुंद होऊन ठणके, आणि ताप उतरल्यावर पाय पूर्वीपेक्षा थोडा अधिक जाड झालेला असे. पुष्कळ वर्षांनी एका आरोग्यसेविकेने तिला पाटावर बसवून पाय कसा धुवावा आणि कसा टिपावा हे स्वतःच्या हातांनी दाखवले. पाय पूर्ववत झाला नाही. पण त्यानंतरच्या पावसाळ्यात ताप एकदाच आला आणि पाय वाढायचा थांबला. "औषध नाही" हे वाक्य अर्धेच खरे आहे, आणि त्याचा उरलेला अर्धा भाग बहुतेक रुग्णांपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून ही कृती सविस्तर लिहीत आहे.

पायात नेमके काय घडलेले असते

कृतीतली प्रत्येक पायरी कशासाठी आहे हे उमगले तरच ती रोज पाळली जाते, म्हणून थोडे शरीरशास्त्र आधी पाहू. रक्त केशवाहिन्यांतून फिरत असताना त्यातला काही द्रव बाहेर झिरपून पेशींभोवती साचतो. पेशी या द्रवातूनच प्राणवायू आणि ग्लुकोज घेतात, पेशीश्वसनाने त्यांतून ऊर्जा मिळवतात आणि तयार झालेला कार्बन डायऑक्साइड त्यातच सोडतात. झिरपलेल्या द्रवापैकी बहुतेक भाग परत रक्तात जातो. परंतु दिवसाकाठी साधारण २ ते ४ लिटर द्रव, त्यातल्या प्रथिनांसह, मागे उरतो आणि तो गोळा करून रक्ताकडे परत नेण्याचे काम लसीकावाहिन्या करतात. त्यांतून वाहणाऱ्या या द्रवाला लसीका म्हणतात. या वाहिन्यांना हृदयासारखा स्वतंत्र पंप नाही. त्यांच्या भिंतींचे हलके आकुंचन, पोटरीच्या स्नायूंची हालचाल, खोल श्वास आणि लसीका मागे घसरू नये म्हणून आत असलेल्या एकमार्गी झडपा, एवढ्याच बळावर पायातली लसीका मांडीपर्यंत आणि तिथून छातीतल्या मोठ्या नलिकेतून मानेखालच्या शिरेपर्यंत चढते.

वाटेत जांघेत लसीका ग्रंथी लागतात. या ग्रंथी म्हणजे गाळणीही आहेत आणि पहारेकऱ्यांची चौकीही आहेत: पायाच्या जखमेतून शिरलेले जंतू लसीकेबरोबर इथे येतात, लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी त्यांना ओळखतात, त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे तयार करण्याची तयारी सुरू होते आणि ग्रंथी सुजून दुखू लागते. पायाला काटा लागून पिकला की जांघेत जे अवधाण येते ते हेच, आणि ते प्रतिकारसंस्था कामाला लागल्याचे चिन्ह आहे.

हत्तीरोगाचा जंत याच वाहिन्यांत घर करतो. भारतात बहुतेक ठिकाणी तो वुचेरेरिया बँक्रॉफ्टाय या जातीचा असतो आणि घाणेरड्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतो. मादी जंत दोऱ्यासारखी बारीक पण ८ ते १० सेंटिमीटर लांब असते, आणि हे जंत लसीकावाहिनीत सरासरी ६ ते ८ वर्षे जगतात. एवढा काळ तो शरीरात टिकतो, कारण आपल्याविरुद्धची प्रतिकारशक्ती मंद करण्याची क्षमता त्याच्यात असते. त्याच्या वास्तव्याने वाहिन्या फुगून सैल होतात, झडपा मिटेनाशा होतात आणि लसीका पायातच थबकते.

मात्र इथपर्यंत जी सूज असते ती थोडी असते आणि पुष्कळदा रात्रभर पडून राहिल्यावर उतरते. पाय हत्तीच्या पायासारखा होतो तो पुढच्या टप्प्यात, आणि हा टप्पा मुख्यतः जिवाणूंचा असतो. प्रथिनयुक्त द्रव साचलेल्या पायात पहारा ढिला पडतो; पेशी आणि केशवाहिनी यांच्यामधले अंतर द्रवामुळे वाढल्याने प्राणवायू पेशींपर्यंत कमी पोहोचतो आणि बारीकशी जखमही लवकर भरत नाही. अशा जखमेतून स्ट्रेप्टोकोकससारखे जिवाणू आत शिरले की तापाचा झटका येतो, आणि प्रत्येक झटक्याने आणखी काही लसीकावाहिन्या निकामी होऊन त्वचेखाली घट्ट, तंतुमय ऊती वाढते. हत्तीपाय असा झटक्याझटक्याने वाढत जातो. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात गेरुसा ड्रायर या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात रुग्णांबरोबर काम करताना हेच दाखवून दिले की, त्वचा स्वच्छ आणि अखंड ठेवली तर झटके कमी होतात, आणि झटके कमी झाले की पायाची वाढ थांबते. पुढची सारी कृती जिवाणूंची ही दारे बंद करण्यासाठी आहे.

सुरुवात करण्यापूर्वी निदान पक्के करावे

प्रत्येक सुजलेला पाय हत्तीपाय नसतो. दोन्ही पायांवर एकाच वेळी सूज आली, चेहरा सुजू लागला किंवा दम लागू लागला तर हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत तपासावे लागते. एकच पाय एक-दोन दिवसांत अचानक सुजून पोटरी दुखू लागली तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते आणि त्या वेळी पाय चोळणे धोक्याचे ठरते. त्यामुळे आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. जंताची पिल्ले, म्हणजे मायक्रोफायलेरिया, रक्तात मुख्यतः रात्री १० ते २ या वेळात उतरतात. म्हणूनच हत्तीरोगाची रक्ततपासणी रात्री होते आणि काही ठिकाणी त्यासाठी रात्र चिकित्सालये चालतात. आता बोटाच्या थेंबभर रक्तावर दिवसाही करता येणारी पट्टीची चाचणी उपलब्ध आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ज्यांचा पाय बऱ्याच वर्षांपासून सुजलेला आहे त्यांची चाचणी पुष्कळदा नकारात्मक येते, कारण जंत मरून गेलेले असतात आणि मागे राहिलेली असते ती वाहिन्यांची नासाडी. चाचणी नकारात्मक आली म्हणून पायाची निगा थांबवू नये. डॉक्टरांनी डायइथाइलकार्बामाझिनच्या, म्हणजे डीईसीच्या, गोळ्यांचा १२ दिवसांचा कोर्स दिला असेल तर तो पूर्ण करावा. पण त्या गोळ्या जंतांविरुद्ध आहेत, त्यांनी जुनी सूज उतरत नाही, हेही आधीच समजून घ्यावे म्हणजे नंतर निराशा येत नाही.

पाय धुणे

दिवसातून एकदा, शक्यतो रात्री झोपण्यापूर्वी, पाय धुवावा. उन्हाळ्यात घाम फार येत असेल किंवा त्वचेच्या घड्यांना वास येत असेल तर सकाळीही धुवावा. सामान फार लागत नाही: बसायला पाट किंवा बुटकी खुर्ची, पाय मावेल असा रुंद टब किंवा घमेले, एक मग, अंगाला लावायचा साधा सौम्य साबण, आणि दोन मऊ सुती कापडे, त्यातले एक पाय टिपायला आणि दुसरे, जुन्या धोतराचे किंवा लुगड्याचे पातळ झालेले, फक्त बोटांच्या बेचक्यांसाठी. सरकारी कार्यक्रमातून हत्तीपायाच्या रुग्णांना टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम असलेले किट मिळते. आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात त्याची चौकशी अवश्य करावी.

पाणी स्वच्छ आणि साध्या तापमानाचे असावे. गरम पाण्याने शेकून सूज उतरते असा समज सर्वत्र आहे, परंतु उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, अधिक द्रव बाहेर झिरपतो आणि सूज वाढते. शिवाय जाड झालेल्या त्वचेला चटका लवकर कळत नाही आणि भाजण्याचा धोका असतो. तळ्याचे किंवा बोडीचे पाणी वापरू नये.

पाण्यात पाय घालण्यापूर्वी तो उजेडात धरून नीट पाहावा. टाच, तळवा, नखांचे कोपरे, घड्यांचा तळ आणि प्रत्येक बेचकी पाहायची आहे. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट यांच्यामधली बेचकी सर्वांत अरुंद असते आणि चिखल्यांची सुरुवात बहुतेकदा तिथेच होते. दोन्ही बोटे हलक्या हाताने फाकवावीत. आतली त्वचा कोरडी आणि गुलाबी किंवा नेहमीच्या रंगाची असेल तर ठीक, पण ती पांढरट, ओलसर, उकडलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखी सुटत असेल किंवा खाली लालसर चीर दिसत असेल, तर जिवाणूंना आत येण्याचे दार तिथे उघडे आहे असे समजावे. आत्याच्या पायाला आठ-दहा वर्षे जो ताप येत राहिला त्याचे मूळ या एका अर्ध्या इंचाच्या जागेत होते, आणि तिथे कोणी पाहिलेच नव्हते.

नंतर पाय भिजवून साबणाचा फेस हातावर करावा आणि गुडघ्यापासून खाली पावलाकडे येत हलक्या हाताने लावावा, कारण वरचा भाग तुलनेने स्वच्छ आणि पाऊल सर्वांत मळलेले असते. घड्यांच्या आत बोट किंवा मऊ कापड घालून मळ काढावा; ब्रश, घासणी, नारळाची शेंडी किंवा वजरी वापरू नये. टाचेला वजरी घासायची सवय आपल्याकडे फार जुनी आहे, पण सुजलेल्या पायावर तिचे बारीक ओरखडे म्हणजे नवी दारे. उग्र जंतुनाशक द्रव पाण्यात टाकण्याचीही गरज नाही. त्याने त्वचा कोरडी पडून तडकते, आणि साबण नीट पोहोचला की तेवढे पुरते. पायावरून ओघळणारे पाणी पूर्ण नितळ दिसेपर्यंत मगाने पाणी ओतत राहावे, कारण घडीत राहिलेला साबणही त्वचा खातो. दुसरा पाय चांगला असला तरी तोही तसाच धुवावा.

ज्यांचा पाय फार मोठा झाला आहे किंवा ज्यांना वाकता येत नाही त्यांच्या पावलापर्यंत त्यांचा हात पोहोचत नाही, तेव्हा घरातल्या दुसऱ्या कोणी तरी हे काम करावे लागते. हा रोग स्पर्शाने पसरत नाही, साबणपाण्यानेही पसरत नाही, आणि पाय मोठा झालेल्या माणसाच्या रक्तात पुष्कळदा जंताची पिल्ले नसतातच. त्यामुळे धुणाऱ्याने कोणतीही भीती बाळगू नये. हात धुऊन बसावे, नखे कापलेली असावीत, आणि ज्याचा पाय आहे त्याच्याशी बोलत बोलत काम करावे, कारण कित्येक वर्षे लुगड्याच्या काठाखाली झाकलेला पाय दुसऱ्याच्या हाती देणे त्यांना सोपे नसते.

कोरडा करणे, आणि त्वचेवर लक्ष ठेवणे

धुण्यापेक्षा टिपण्याला अधिक वेळ द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ओलसर बेचकीत बुरशी वाढते, बुरशीने त्वचा फाटते आणि फाटलेल्या त्वचेतून जिवाणू शिरतात. पाय आधी टॉवेलने टिपावा, चोळू नये. मग पातळ कापडाच्या टोकाला पीळ देऊन ते प्रत्येक बेचकीत घालावे, हलकेच दाबावे आणि बाहेर काढून पाहावे. कापडाचे टोक कोरडे बाहेर येईपर्यंत जागा बदलून हेच करावे. घड्यांनाही हीच पद्धत लागू आहे. बोटे एकमेकांना चिकटून राहत असतील तर त्यांच्यामध्ये गॉझची छोटी घडी ठेवावी आणि ती रोज बदलावी.

चिखल्या दिसल्या तर क्लोट्रिमाझोलसारखे बुरशीविरोधी मलम दिवसातून दोन वेळा पातळ थरात लावावे, आणि त्वचा बरी दिसू लागल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवावे. खाज थांबली की मलम सोडून देणे हे चिखल्या परत परत होण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. औषधाच्या दुकानातून "खाजेचे मलम" असे म्हणून घेऊ नये, कारण अशा अनेक मलमांत स्टिरॉइड मिसळलेले असते. त्याने दोन दिवसांत बरे वाटते, पण त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते, त्वचा पातळ होते आणि बुरशी पसरते. पिवळा स्राव, पू किंवा दुर्गंधी असेल तर बुरशीचे मलम पुरणार नाही, जिवाणूंवरचे औषध डॉक्टरांकडूनच घ्यावे.

नखे सरळ कापावीत, कोपरे खोलवर कोरू नयेत, नाहीतर नखुरडे होते. टाचेच्या भेगांची कातडी ब्लेडने सोलू नये. कोरड्या त्वचेला आणि भेगांना खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावावी, मात्र बेचक्यांत तेल जाऊ देऊ नये. जळवा लावणे, डाग देणे, पायाला चिरा पाडून "घाण रक्त" काढणे हे सर्व उपाय प्रतिकारशक्ती आधीच दुबळी झालेल्या जागी नव्या जखमा करतात, आणि या एका बाबतीत कोणाही वडीलधाऱ्यांचे ऐकू नये असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

रोवणीच्या दिवसांत चिखलात जाणे टाळा, असा सल्ला देणे सोपे आहे, पण पोट त्यावर असणाऱ्याला तो निरुपयोगी आहे. त्यापेक्षा बांधीतून बाहेर येताच, घरी पोहोचण्याची वाट न पाहता, सोबत नेलेल्या स्वच्छ पाण्याने पाय धुऊन कोरडे करावेत आणि चप्पल घालावी. सकाळी जाण्यापूर्वी बेचक्या नीट पाहाव्यात आणि त्वचा फाटलेली असेल त्या दिवशी चिखलात उतरू नये. पूर्वी चिखल्या झालेल्यांनी पावसाळ्यात बुरशीचे मलम आधीपासूनच वापरावे का, हे मृगाच्या आधी डॉक्टरांना विचारून ठेवावे.

उंचावर ठेवणे, हलवणे, चप्पल

लसीका आपोआप वर चढत नसेल तर तिला उताराची मदत द्यावी. पलंगाच्या पायथ्याकडच्या दोन्ही खुरांखाली दोन-दोन विटा ठेवल्या की पायथा साधारण १५ सेंटिमीटर उंच होतो. जमिनीवर झोपणाऱ्यांनी गादीखाली पायाच्या बाजूला जाड गोधडीची घडी सारावी, म्हणजे गुडघ्यापासून टाचेपर्यंत सर्व भागाला आधार मिळतो. टाचेखाली फक्त उशी ठेवली तर गुडघा अधांतरी राहून दुखतो. दिवसा बसताना पाय चौरंगावर किंवा दुसऱ्या खुर्चीवर ठेवावा, लोंबकळत ठेवू नये. हृदयाचा आजार असलेल्यांनी किंवा आडवे झाल्यावर दम लागणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पायथा उंच करू नये.

हालचालीत पोटरी हाच पंप असतो. उभे राहून भिंतीचा आधार घ्यावा, टाचा उचलून चवड्यांवर यावे आणि सावकाश खाली यावे. बसून पाऊल पुढे ताणावे, मग वर ओढावे आणि घोट्यातून गोल फिरवावे. प्रत्येक प्रकार १० ते १५ वेळा, दिवसातून तीन-चारदा पुरे, आणि सुरुवातीला पोट फुगेल असे चार-पाच खोल श्वास घ्यावेत, कारण श्वासाबरोबर छातीतला दाब बदलतो आणि मोठ्या नलिकेतली लसीका वर खेचली जाते. एका जागी तासन्‌तास उभे राहणे सर्वांत वाईट. चुलीजवळ काम असेल तरी उंच ओट्यापाशी बसून करावे आणि अधूनमधून टाचा उचलाव्यात. ताप आलेला असताना कोणताही व्यायाम करू नये.

चप्पल मऊ तळव्याची, पट्टे सैल करता येणारी आणि बोटांना हवा लागू देणारी असावी. घट्ट बूट आणि नायलॉनचे मोजे टाळावेत. अनवाणी अंगणातही फिरू नये. पट्टी बांधण्याविषयी थोडक्यात सांगतो: योग्य प्रकारची, कमी ताणली जाणारी पट्टी पावलापासून वर दाब कमी कमी करत बांधली तर सूज खरोखर उतरते, पण ती प्रशिक्षित व्यक्तीकडून शिकूनच बांधावी. बाजारातली साधी लवचीक पट्टी मनाने गुंडाळली तर ती एका ठिकाणी काचून खालचा पाय अधिक फुगतो.

तापाचा झटका आला तर

बहुतेकदा थंडी वाजून ताप येतो, मग काही तासांत पायाचा एखादा भाग लाल, गरम आणि हात लावू न देणारा होतो, जांघेत अवधाण येते, डोके दुखते, मळमळते. अशा वेळी अंथरुणावर पाय उंच ठेवून पडून राहावे, पायावर साध्या पाण्यात भिजवून पिळलेले कापड ठेवावे आणि गरम झाले की बदलावे, पाणी भरपूर प्यावे, तापासाठी पॅरासिटामोल घ्यावे, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. जिवाणूंविरुद्धचे प्रतिजैविक लवकर सुरू झाले तर वाहिन्यांची नासाडी कमी होते. ते पूर्ण दिवस घ्यावे, आणि पूर्वी पेनिसिलिनने अंगावर पुरळ किंवा दम आला असेल तर ते आधी सांगावे. पाय हळुवार धुणे सोसवत असेल तर चालू ठेवावे. शेक, लेप, मालिश आणि पट्टी या काळात पूर्ण बंद ठेवावीत. ताप चढताच राहिला, रुग्ण बरळू लागला, वारंवार उलटी झाली, त्वचेवर फोड आले किंवा ती काळपट पडू लागली, किंवा लाली तासातासाला वर सरकताना दिसली, तर जवळच्या मोठ्या रुग्णालयात ताबडतोब न्यावे. रात्र आहे म्हणून सकाळची वाट पाहू नये. झटका ओसरल्यावर बेचक्या, घड्या आणि टाचा पुन्हा तपासून जिवाणू कुठून शिरले ते शोधावे. जखम सापडली नाही तर पुन्हा पाहावे, ती बहुतेकदा अशा ठिकाणी असते जिथे पाहणे गैरसोयीचे असते.

मोजमाप ठेवणे

रोज पाहणाऱ्या डोळ्यांना पायातला फरक दिसत नाही, म्हणून तो मोजावा. महिन्यातून एकदा, सकाळी अंथरुणातून उठताच, शिंप्याकडची टेप घेऊन तळव्यापासून १० आणि २० सेंटिमीटर उंचीवर पायाचा घेर घ्यावा आणि तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकटीत लिहावा. टेप त्वचेला टेकलेली असावी, आवळलेली नसावी. ज्या दिवशी ताप आला तो दिवस लाल शाईने खुणावा. सुरुवातीचे दोन-तीन महिने घेर बदलला नाही तरी खचू नये, कारण आधी कमी होतात त्या लाल खुणा. दिनदर्शिकेची ही पाने डॉक्टरांकडे नेली तर त्यांनाही पुढचा उपचार ठरवायला मोठी मदत होते. पाय रात्रभरात उतरतो की नाही हे वेगळे लिहावे, कारण सकाळी उतरणारी सूज हा पहिला टप्पा असतो आणि या टप्प्यावर घेतलेली काळजी सर्वाधिक फळ देते.

घरातल्या बाकीच्यांसाठी

एका घरात एकाला हत्तीपाय झाला म्हणजे त्या वस्तीत डास आणि जंत दोन्ही असण्याची शक्यता असते, आणि ज्यांचे पाय चांगले दिसतात त्यांच्या रक्तात जंताची पिल्ले असू शकतात. १८७२ मध्ये कोलकात्यात टिमोथी लुईस यांना ही पिल्ले माणसाच्या रक्तात दिसली आणि १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉय येथे पॅट्रिक मॅन्सन यांना ती डासाच्या शरीरात वाढताना आढळली. भारतात राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला. श्रीलंका आणि मालदीव या शेजाऱ्यांनी २०१६ मध्ये हा रोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपवल्याची मान्यता मिळवली. आपल्याकडे सामुदायिक औषधोपचार मोहिमेत डीईसी आणि अल्बेंडाझोल दिले जाते. आयव्हरमेक्टिनसह तीन औषधांचा उपचार २०१८-१९ मध्ये ज्या पाच जिल्ह्यांत प्रथम सुरू झाला, त्यांत नागपूर होता. गोळ्या "नंतर घेऊ" म्हणून फडताळात ठेवू नयेत; जेवण करून, कर्मचाऱ्यांच्या समोर घ्याव्यात. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी व्यक्तींना त्या देत नाहीत, आणि बाकी कोणाला किती द्यायच्या हे वय आणि उंची पाहून कर्मचारीच ठरवतात. गोळी घेतल्यावर एखाद्याला ताप, अंगदुखी किंवा गरगरल्यासारखे झाले तर ते बहुधा रक्तातली पिल्ले मरत असल्यामुळे होते आणि एक-दोन दिवसांत ओसरते. त्रास जास्त वाटला तर मोहिमेच्या पथकाला लगेच कळवावे. घरातल्या पुरुषांपैकी कोणाला अंडवृद्धी असेल तर तीही याच रोगाची असू शकते, आणि तिच्यावर शस्त्रक्रियेचा उपाय आहे, हे लाजेखातर लपवू नये.

क्युलेक्स डास रात्री चावतो, त्यामुळे मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावे, आणि सुजलेला पाय जाळीला टेकणार नाही एवढी ती रुंद असावी. संडासाच्या टाकीच्या हवेच्या नळीला तोंडाशी बारीक जाळी तारेने बांधावी, टाकीच्या झाकणाच्या फटी सिमेंटने बुजवाव्यात, सांडपाण्याची नाली वाहती ठेवावी किंवा शोषखड्डा खणावा, आणि जिथे पाणी साचणारच आहे अशा डबक्यात गप्पी मासे सोडावेत. ते पुष्कळ आरोग्य केंद्रांत मिळतात. नळीची जाळी उन्हापावसाने वर्षभरात विरते, म्हणून ती दर पावसाळ्यापूर्वी हात लावून तपासावी आणि फाटली असेल तर त्याच दिवशी बदलावी.